पोल्ट्रीतली अँटिबायोटिक्स कमी कशी करायची? नाशिक भागातल्या शेडवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पशुवैद्य आहे. सिन्नर, निफाड, दिंडोरी, चांदवड, येवला या पट्ट्यातल्या ब्रॉयलर (मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या कोंबड्यांच्या) शेडवर माझं येणंजाणं असतं. पीएम (मेलेला पक्षी उघडून केलेली तपासणी) करताना, लसीकरणाच्या वेळी, मेळाव्यात किंवा रात्री दहाच्या फोनवर लोक जे प्रश्न विचारतात, ते इथे एका जागी लिहिले आहेत. चिकन घेणाऱ्यांचेही काही प्रश्न शेवटी आहेत.

अँटिबायोटिक कमी करा म्हणता, म्हणजे आजारी पक्ष्यांना औषधच द्यायचं नाही का?

द्यायचं. आजार जंतूंचा आहे हे कळलं, औषध योग्य आहे, डोस पूर्ण आहे, तर ते दिलंच पाहिजे. तडफडणारा पक्षी बघत बसणं ही काटकसर नव्हे, तो त्या जिवाचा छळ आहे.

कमी करायचं आहे ते बाकीचं. पिल्लं उतरली की सवयीने सुरू होणारा कोर्स. शेजारच्या शेडला मर लागली म्हणून आपल्याकडे घाबरून दिलेलं औषध. व्हायरसच्या आजारावर दिलेलं औषध. दोन दिवस दिलं, बरं वाटलं, म्हणून मध्येच थांबवलेला कोर्स. आणि वजन लवकर यावं म्हणून खाद्यातून थोडं थोडं जाणारं औषध. शेडवरची नोंदवही प्रामाणिकपणे उघडली, तर बहुतेक डबे या पाच प्रकारांतच रिकामे झालेले दिसतात.

‘रेझिस्टन्स’ आला म्हणजे नेमकं काय होतं? पक्ष्याच्या अंगाला औषधाची सवय लागते का?

नाही, हा गैरसमज फार पसरलेला आहे. पक्ष्याला किंवा माणसाला सवय लागत नाही. औषधाला दाद द्यायचं थांबवतात ते जंतू.

एका पक्ष्याच्या आतड्यात कोट्यवधी जंतू असतात. त्यातला एखादा जात्याच असा असतो की औषध त्याला मारू शकत नाही. औषध आलं की बाकीचे मरतात, हा उरतो आणि मोकळ्या रानात त्याचीच पिलावळ वाढते. डोस अपुरा असेल तर अर्धवट निर्ढावलेलेही टिकतात. अलेक्झांडर फ्लेमिंगने १९२८ मध्ये पेनिसिलिन शोधलं आणि १९४५ मध्ये नोबेल स्वीकारताना हीच सूचना देऊन ठेवली होती: कमी डोस दिलात तर जंतूंना मारणार नाही, त्यांना शिकवाल.

यापुढची गोष्ट जास्त गंभीर आहे. जंतू ही विद्या फक्त आपल्या पिल्लांनाच देतो असं नाही. शेजारच्या, वेगळ्या जातीच्या जंतूलाही तो ते जनुक देऊ शकतो. आतड्यातला निरुपद्रवी ई-कोलाय ते धोकादायक जंतूच्या हाती सोपवतो.

पण आमच्या शेडमधले जंतू माणसांपर्यंत पोचतात कसे?

सगळ्यात आधी तुमच्याच घरात. शेडमधले हात, चपला, कपडे. त्याच कपड्यांवर लेकराला उचलून घेतलं की झालं. मग माश्या, उंदीर, सांडपाणी. मग खत. मग कच्चं मांस हाताळणारे कसाई आणि गृहिणी.

कोलिस्टिनचं उदाहरण प्रत्येक पोल्ट्रीवाल्याला माहीत असावं असं मला वाटतं. दवाखान्यात अतिदक्षता विभागातल्या रुग्णाला कुठलंच औषध लागू पडेना की डॉक्टर शेवटी ज्या औषधाकडे वळतात, त्यांतलं हे एक. तेच औषध जगभर डुकरं आणि कोंबड्यांच्या खाद्यात पोत्यांनी जात होतं. नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनमधून बातमी आली की कोलिस्टिनला दाद न देणारं एक जनुक, एमसीआर-१, डुकरांत, मांसात आणि रुग्णांतही सापडलं आहे आणि ते एका जंतूतून दुसऱ्यात उडी मारतं. भारताने जुलै २०१९ मध्ये अन्न देणाऱ्या जनावरांसाठी, कोंबड्यांसाठी, मत्स्यपालनासाठी आणि खाद्यात मिसळण्यासाठी कोलिस्टिन बनवणं, विकणं, वाटणं बंद केलं.

२०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं थेट दगावली, असा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. हे सगळं कोंबड्यांमुळे झालं असं मुळीच नाही. माणसांचे दवाखाने, मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या गोळ्या यांचा वाटा मोठा आहे. पण आपला वाटा आपल्याच हातात आहे, म्हणून त्याबद्दल बोलायचं.

कोणती औषधं शेडवर दिसताच कामा नयेत?

कोलिस्टिन, वर सांगितल्याप्रमाणे. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातली सगळी, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडी असलेलं फुराझोलिडोनसुद्धा. अन्न देणाऱ्या जनावरांसाठी त्यांच्या आयात, उत्पादन आणि विक्रीवर मार्च २०२५ मध्ये बंदी आली. कपाटात जुना डबा पडला असेल तर ‘संपवून टाकू’ म्हणू नका.

लेबल नसलेली पाकिटंही नकोत. एका शेडवर मी पांढरी भुकटी भरलेल्या साध्या पिशव्या पाहिल्या. वर स्केचपेनने फक्त ‘सर्दी’ लिहिलेलं. आत काय होतं हे देणाऱ्यालाही सांगता आलं नाही. जे औषध कोणतं आहे हेच माहीत नाही, त्याचा डोस कोण काढणार आणि ते अंगातून निघायला किती दिवस लागतात हे कोण सांगणार?

दर हिवाळ्यात आमच्याकडे सीआरडी (कोंबड्यांचा श्वासाचा जुनाट आजार) लागतोच. औषधाशिवाय हिवाळा निघतो का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो आणि त्याचं उत्तर मी सगळ्यात सविस्तर देतो, कारण नाशिकच्या शेडमधली निम्मी लढाई इथेच आहे.

निफाडचा पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो, हे आपल्याला नवीन नाही. द्राक्षाच्या मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून लोक पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. शेडवर काय करतात? शेडच्या उघड्या बाजूंचे पडदे खालून वरपर्यंत गच्च बांधतात. वर आतून आणखी एक ताडपत्री. असाच एक शेड मी डिसेंबरात पहाटे साडेपाचला उघडला. मालक कौतुकाने म्हणाले, “डॉक्टर, आत ऊब बघा कशी आहे.” ऊब होती. पण दोन पावलं टाकताच माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पक्षी माना ताणून, चोची उघडून श्वास घेत होते आणि शेडभर बारीक घरघर चालली होती. मेलेले तीन पक्षी खाद्याच्या रिकाम्या गोणीवर ठेवून उघडले. काळजावर (यकृतावर) आणि हृदयावर पिवळसर पांढरा थर, सायीसारखा, चिमटीत धरून सोलून निघेल असा. हवेच्या पिशव्या ढगाळ.

काय घडलं होतं ते बघा. चौथ्या आठवड्यात ५,००० पक्षी दिवसाला साधारण १,००० लिटर पाणी पितात. त्यातलं बहुतेक विष्ठेतून आणि श्वासातून पुन्हा शेडमध्येच येतं. पडदे गच्च, म्हणजे ती वाफ जाणार कुठे? खाली अंथरलेला तूस ओला होतो. ओल्या तुसात विष्ठा कुजते, अमोनिया सुटतो. पक्ष्याच्या श्वासनळीत बारीक केसांसारखी लव असते. धूळ आणि जंतू बाहेर झाडून काढणं हे तिचं काम. अमोनिया त्या लवेला लुळं करतो. मग मायकोप्लाझ्मा, म्हणजे सीआरडीचा जंतू, आत शिरतो, त्याच्यामागून ई-कोलाय. आणि आपण दोष देतो थंडीला.

त्या बॅचला औषध द्यावंच लागलं, कारण पक्षी खरोखर आजारी होते. पण पडदे तसेच ठेवून दिलेलं औषध म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

करायचं ते असं. पडदा खालून वर चढणारा हवा, म्हणजे वरच्या बाजूला फूट-दीड फुटाची फट कायम उघडी राहते. गरम, दमट, वासाची हवा वरूनच निघते आणि थंड झोत थेट पक्ष्यांच्या अंगावर येत नाही. ऊब हवी असेल तर शेगडी किंवा ब्रूडर (ऊब देणारे दिवे) वाढवा, हवा कोंडू नका. दुपारी अकरा ते चार ऊन असतं, तेव्हा पडदे बरेच खाली घ्या. यात रात्री एकदा उठावं लागतं हे खरं आहे. लहान पिल्लांच्या पहिल्या दोन आठवड्यांत तर दोनदा.

आणि वास तपासायचा तर उभ्याने नाही. रोज आत जाणाऱ्याचं नाक मरतं, त्याला वास येईनासा होतो. उकिडवे बसा, तोंड पक्ष्याच्या उंचीला न्या आणि दोन मिनिटं थांबा. डोळे चुरचुरले तर पक्षी चोवीस तास त्याच हवेत आहेत, एवढं लक्षात घ्या.

तूस किती ओला चालतो?

मूठभर तूस घट्ट दाबा. गोळा झाला आणि तसाच राहिला तर ओल जास्त आहे. दाबल्यावर किंचित धरून, मूठ उघडताच सुटला तर ठीक. २० ते २५ टक्के ओल ही योग्य पातळी. घोटीच्या राइस मिलमधला तूस आपल्याला जवळ मिळतो, हे आपलं नशीब. पण पावसाळ्यात ट्रकवरच भिजून आलेला तूस उतरवून घेऊ नका. बुरशी सोबत येते.

रोज एकदा, दुसऱ्या आठवड्यापासून, तूस वरखाली करा. निपलखालचे (पाण्याच्या तोट्यांखालचे) आणि ड्रिंकरभोवतीचे चिखलाचे पापुद्रे उचलून बाहेर टाका, आत मिसळू नका. पक्षी आत असताना ओल्या तुसावर चुना फेकण्याची सवय सोडा. चुन्याने अमोनिया आणखी जोरात सुटतो. चुना रिकाम्या शेडच्या जमिनीला आणि भिंतीला मारा, तिथे तो चांगलं काम करतो.

कॉक्सी, म्हणजे रक्ती हगवण, ओल्या तुसातच फोफावते. कॉक्सीने आतडं सोललं की मागून क्लोस्ट्रिडियमचा संसर्ग येतो आणि पुन्हा अँटिबायोटिकचा डबा उघडतो. तूस कोरडा ठेवला तर हे सगळे पुढचे खर्च टळतात.

बोअरचं पाणी स्वच्छ दिसतं. तरी क्लोरिन लागतो का?

लागतो. टाकीतलं पाणी स्वच्छ असेल, पाइपातलं नसतं. लाइनच्या शेवटच्या टोकाचं बूच काढा आणि बोट आत फिरवा. बुळबुळीत लागलं तर तो जंतूंचा थर आहे. व्हिटॅमिन, टॉनिक, इलेक्ट्रोलाइट आणि पिल्लं उतरल्यावर दिलेलं गुळाचं पाणी, हे सगळं त्या थराचं खाद्य. गुळाचं पाणी द्यायचंच असेल तर छोट्या भांड्यातून द्या, लाइनमधून नको.

शेवटच्या निपलला ३ ते ५ पीपीएम (दहा लाख भागांत ३ ते ५ भाग) क्लोरिन मिळायला हवा. टाकीत किती टाकला हे महत्त्वाचं नाही, शेवटी किती पोचला हे महत्त्वाचं. तपासायच्या पट्ट्या मिळतात, बॅचमध्ये आठवड्यातून एकदा बघा. पाणी जड असेल, सामू (पीएच) आठच्या वर असेल, तर क्लोरिन असूनही बराचसा निकामी राहतो. अशा वेळी सेंद्रिय आम्लाने सामू साडेसहाच्या आसपास आणावा लागतो. पण आम्ल आणि ब्लीचिंग एकाच बादलीत कधीही कालवू नका. विषारी वायू सुटतो.

शेड रिकामं झालं की पाइपात हायड्रोजन पेरॉक्साइड भरून ठेवा, मग जोराने फ्लश करा. बॅच चालू असताना हे करायला गेलात तर सुटलेला गाळ निपलमध्ये अडकतो आणि पक्षी तहानलेले राहतात. दोन बॅचमध्ये किमान १४ दिवसांचं अंतर ठेवा. बाजारभाव चढा असला की हे अंतर आठ दिवसांवर येतं, हे मला माहीत आहे. तरीही.

पिल्लं उतरली की पहिले तीन दिवस अँटिबायोटिक देतोच. ते चुकतं का?

चुकतं. पिल्लू अंड्यातून येतं तेव्हा त्याचं आतडं जवळजवळ कोरं असतं. पहिल्या आठवड्यात तिथे जे जंतू वस्तीला येतात, तेच पुढे आतड्याची राखण करतात. पहिल्याच दिवशी औषध टाकून तुम्ही चांगल्यांचीही वस्ती उठवता.

त्याऐवजी पिल्लं यायच्या आधी शेड गरम करा. जमीनही गरम हवी, फक्त हवा नाही. ब्रूडरखाली ३५ अंश सेल्सिअस. गाडी आली की चारदोन पिल्लं उचला आणि त्यांचे पाय स्वतःच्या गालाला लावा. गार लागले तर पिल्लांना अजून ऊब मिळालेली नाही. चोवीस तासांनी पुन्हा पन्नास पिल्लं चाचपा. गळ्याखालची पिशवी भरलेली आणि मऊ हवी. टणक असेल तर खाल्लंय पण पाणी मिळालेलं नाही. रिकामी असेल तर दिव्याखालीच काहीतरी बिघडलंय. शंभरात पंचाण्णव पिल्लांची पिशवी भरलेली असेल तर निश्चिंत व्हा.

बेंबी ओली, पोट फुगलेलं, वास येतोय, अशी पिल्लं जास्त निघाली तर तो हॅचरीचा (अंडी उबवणी केंद्राचा) दोष असू शकतो. फोटो काढा, मर मोजा आणि लेखी कळवा. हॅचरीच्या चुका आपण आपल्या शेडमध्ये औषधाने झाकत राहिलो तर त्या कधीच सुधारणार नाहीत.

मानमोडी किंवा गंबोरो आला तर कोणतं अँटिबायोटिक चांगलं?

कोणतंच नाही. दोन्ही व्हायरसचे आजार आहेत. मानमोडी म्हणजेच राणीखेत. लस हाच उपाय. व्हायरसमागून जंतूंचा संसर्ग झाला तर त्याचा विचार वेगळा, आणि तो पीएम करून ठरवायचा.

लस देऊनही आजार येतो. मग लसीचा उपयोग काय?

बहुतेक वेळा लस वाया गेलेली असते आणि आपल्याला ते कळत नाही. लस २ ते ८ अंशांत राहायला हवी. नाशिकहून येताना बर्फाच्या डब्यात, डिकीत नव्हे. पाण्यातून देणार असाल तर आदल्या दिवसापासून क्लोरिन बंद. पाण्यात लिटरला दोन-अडीच ग्रॅम स्किम्ड मिल्क पावडर. लस देण्याआधी एक-दोन तास पाणी तोडा, उन्हाळ्यात त्याहून कमी. लसीचं पाणी दोन तासांत संपलं पाहिजे. निळा रंग घातला असेल तर नंतर पक्षी उचलून जिभा बघा. शंभरातल्या नव्वद जिभा निळ्या नसतील तर उरलेल्या पक्ष्यांना लस मिळालेलीच नाही.

मका चांगला नसला तर त्याचा अँटिबायोटिकशी काय संबंध?

फार जवळचा. येवला, चांदवड, नांदगाव, मालेगाव भागात खरिपाचा मका ऑक्टोबरात निघतो, नेमका परतीच्या पावसात. ओला मका ढिगात पडला की बुरशी धरते. त्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, पक्ष्याचं काळीज आणि प्रतिकारशक्ती दोन्ही पोखरतं. मर एकदम लागत नाही. वाढ मंद, लस दिली तरी अंगी लागत नाही, मग किरकोळ संसर्गही जड जातो. औषधांवर औषधं दिली जातात, पण मूळ कारण गोणीत बसलेलं असतं. पीएममध्ये काळीज फिकट, पिवळसर, ठिसूळ दिसलं की मी आधी खाद्य बघायला मागतो.

मका स्वतः विकत घेऊन खाद्य बनवत असाल तर १३ टक्क्यांच्या वर ओल असलेला माल घेऊ नका. दाणा दाताखाली कट्कन फुटला पाहिजे. गोणीत कोपरापर्यंत हात घाला. आत कोमट लागलं तर तो मका आतून तापतोय. टॉक्सिन बाइंडरने (विष बांधून ठेवणाऱ्या भुकटीने) थोडी मदत होते, पण सडका मका त्याने चांगला होत नाही. तयार खाद्य येत असेल तर गोण्या लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर लांब, आणि आधी आलेली आधी वापरायची.

औषध लिटरमागे मोजायचं की पक्ष्यामागे?

वजनामागे. ‘लिटरला एक मिली’ हा हिशेब सोपा आहे आणि बऱ्याचदा चुकीचा आहे. निफाडच्या थंडीत पक्षी कमी पाणी पितो, म्हणजे लिटरमागे दिलेलं औषध कमी जातं, आणि अर्धवट डोस म्हणजे जंतूंची शाळा. मालेगावच्या मे महिन्यात तोच पक्षी दुपटीने पितो, तेव्हा डोस जास्त जातो.

समजा २,००० पक्षी आहेत, सरासरी वजन १ किलो. औषधाचा डोस किलोमागे १० मिलिग्रॅम. म्हणजे दिवसाला २०,००० मिलिग्रॅम, म्हणजे २० ग्रॅम मूळ औषध. द्रावण १० टक्क्यांचं असेल तर २०० मिली. आता काल पाणी किती संपलं ते बघा आणि त्या हिशेबाने हे २०० मिली वाटून घ्या. त्यासाठी वीस-तीस पक्षी खरोखर वजन करा, अंदाज नको. आणि पाण्याचा मीटर बसवा. पाणी अचानक कमी झालं तर आजाराची पहिली वर्दीही तोच देतो, मर लागायच्या एक-दोन दिवस आधी.

कोर्स किती दिवसांचा, हे चिठ्ठीवर लिहिलेलं असेल तेवढंच. कमी नाही, जास्तही नाही.

विथड्रॉवल पिरियड म्हणजे काय आणि तो पाळला नाही तर कोणाला कळणार आहे?

नाशिकच्या द्राक्षवाल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस सोडायचे, याला बागेत पीएचआय म्हणतात. शेडमध्ये त्यालाच विथड्रॉवल पिरियड म्हणायचं, औषध बंद केल्यापासून पक्षी उचलेपर्यंतचे दिवस. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडल्याने आपली द्राक्षं युरोपात अडकली, तेव्हा जिल्ह्याने त्याची किती मोठी किंमत मोजली हे अनेकांना आठवत असेल. त्यानंतर बागेत फवारणीची वही, अंशांची तपासणी, एमआरएलचे (अंशांच्या कमाल मर्यादेचे) आकडे हे शब्द घराघरात गेले. ज्या घरात द्राक्षाची वही इतकी नेटकी असते, त्याच घराच्या शेडमध्ये औषधाची वहीच नाही, हे मला दरवेळी खटकतं.

डब्यावर दिवस लिहिलेले असतात, ते पाळायचे. डब्यावर काही लिहिलेलं नसेल तर कायद्याचा नियम आहे: मांसासाठी किमान २८ दिवस, अंड्यांसाठी किमान ७ दिवस. ४० दिवसांच्या ब्रॉयलरला २८ दिवस म्हणजे बाराव्या दिवसानंतर ते औषध चालणारच नाही. खरेदी करतानाच हा हिशेब करा.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे लिफ्टिंगच्या (पक्षी विक्रीला उचलण्याच्या) आदल्या दिवसापर्यंत ‘वाटेत मर नको’ म्हणून दिलेलं औषध. २०१४ मध्ये दिल्लीतल्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने तिकडच्या बाजारातले चिकनचे ७० नमुने तपासले, त्यांतल्या ४० टक्के नमुन्यांत औषधांचे अंश निघाले. कोणाला कळणार, याचं उत्तर हे आहे.

आम्ही करारावर पक्षी पाळतो. औषध कंपनीचा सुपरवायझर देतो. आमच्या हातात काय आहे?

बरंच. हवा, पाणी, तूस तुमच्या हातात आहे आणि औषधाची गरज तिथेच ठरते. बऱ्याच करारांत औषधाचा खर्च उत्पादन खर्चात धरतात, म्हणजे औषध कमी लागलं तर त्याचा फायदा तुमच्या ग्रोइंग चार्जमध्येही (पक्षी वाढवण्याच्या मोबदल्यात) दिसतो.

सुपरवायझरला तीन गोष्टी विचारायचा तुम्हाला हक्क आहे: औषधाचं नाव काय, कशासाठी, आणि बंद केल्यावर किती दिवसांनी पक्षी उचलायचे. रागावून नको, वही हातात घेऊन विचारा. चांगला सुपरवायझर उत्तर देतो. शिवाय अँटिबायोटिक हे पशुवैद्याच्या चिठ्ठीवर द्यायचं औषध आहे, हेही लक्षात ठेवा.

लॅबमध्ये तपासणी करून मग औषध द्या म्हणतात. तोपर्यंत पक्षी मरतील ना?

कल्चर आणि सेन्सिटिव्हिटीला (जंतू वाढवून कोणतं औषध लागू पडतं ते बघायला) दोन-तीन दिवस लागतात, हे खरं. म्हणून नमुना आधी घ्यायचा आणि औषध नंतर सुरू करायचं. पीएमवरून पशुवैद्य पहिलं औषध निवडेल, रिपोर्ट आला की बदलायचं की नाही ते ठरेल. नमुना ताज्या मेलेल्या किंवा मरायला टेकलेल्या, अजून औषध न दिलेल्या पक्ष्याचा हवा. सकाळपासून उन्हात पडलेला पक्षी पाठवू नका. पुण्यात औंधला पशुसंवर्धन विभागाचा रोग अन्वेषण विभाग आहे. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून नमुना कसा पाठवायचा ते विचारा. दोन-तीन बॅचचे रिपोर्ट साठले की तुमच्या शेडमधले जंतू कोणत्या औषधाला जुमानत नाहीत हे कळतं आणि नुसता अंधारात दगड मारणं थांबतं.

एन्रोफ्लॉक्सासिनसारखी औषधं मात्र रिपोर्टशिवाय नकोतच. शरीरात त्याचा काही भाग सिप्रोफ्लॉक्सासिन होतो, आणि ते माणसांचं औषध आहे. अमेरिकेने २००५ मध्ये कोंबड्यांसाठी एन्रोफ्लॉक्सासिन थांबवलं ते याच काळजीने.

औषध बंद केलं तर वजन कमी येईल, एफसीआर (एक किलो वजनाला लागणारं खाद्य) बिघडेल. परवडणार कसं?

डेन्मार्कच्या ब्रॉयलरवाल्यांनी १९९८ मध्ये वाढीसाठी खाद्यात जाणारी अँटिबायोटिक्स स्वतःहून थांबवली. आधीचे आणि नंतरचे आकडे लावले तेव्हा एफसीआर जेमतेम ०.०१६ ने वाढला, म्हणजे एक किलो वजनाला १६ ग्रॅम खाद्य जास्त, आणि मर वाढली नाही. कॉक्सीवरची औषधं त्यांनी चालू ठेवली, हेही सांगायला हवं. युरोपने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठीची अँटिबायोटिक्स पूर्ण बंद केली. नेदरलँड्सने २००९ नंतर काही वर्षांत जनावरांसाठीची विक्री निम्म्याहून खाली आणली.

त्यांचे शेड बंदिस्त, यंत्रांचे, आपले उघडे, पडद्याचे, ही तुलना पूर्ण जुळत नाही, मान्य. म्हणून मी कोणालाही एका बॅचमध्ये सगळं सोडा असं सांगत नाही. आधी हवा-पाणी-तूस सुधारा, मग पहिल्या तीन दिवसांचा कोर्स सोडा. दोन बॅच आकडे बघा. मग पुढचं. शेड तसंच ठेवून फक्त औषध बंद केलं, तर नुकसान होईल आणि दोष चुकीच्या गोष्टीला लागेल.

हळद, लसूण, प्रोबायोटिक यांनी काम होतं का?

प्रोबायोटिक (उपयोगी जंतू) आणि सेंद्रिय आम्लं आतड्याला मदत करतात, विशेषतः पहिल्या आठवड्यात आणि खाद्य बदलताना. ही आधार देणारी माणसं आहेत, वैद्य नव्हेत. हळद-लसणाने नुकसान नाही, पण पक्षी घरघरत असताना नुसत्या हळदीवर विसंबून राहू नका.

कोंबडखत थेट बागेत टाकलं तर चालतं का?

थांबा. पक्ष्याने घेतलेल्या टेट्रासायक्लिनसारख्या औषधाचा मोठा भाग न बदलता विष्ठेतून बाहेर पडतो. जंतूही सोबत असतात. ते खत द्राक्षात, कांद्यात, कोथिंबिरीत जातं. ढीग लावा, पाणी शिंपडून ओल निम्म्याच्या आसपास ठेवा, आतला भाग ५५ अंशांच्या वर तापू द्या आणि तीन-चार वेळा पालटा. लोखंडी गज ढिगात दहा मिनिटं खोचून बाहेर काढा. हातात धरवत नसेल तर ढीग तापलाय. पालेभाजीला कच्चं कोंबडखत तर नकोच. मेलेले पक्षी नाल्यात किंवा ढिगावर टाकू नका, चुना घालून खोल पुरा.

अंड्याच्या कोंबड्यांचं काय?

नियम तेच, अडचण जास्त. अंडं रोज येतं, म्हणून औषधाच्या दिवसांतली आणि विथड्रॉवलच्या दिवसांतली अंडी बाजारात जायला नकोत. म्हणूनच लेअरमध्ये (अंड्यांच्या कोंबड्यांत) लस आणि जैवसुरक्षेवर, म्हणजे बाहेरचे जंतू आत येऊ न देण्यावर, खर्च करणं स्वस्त पडतं.

आम्ही फक्त चिकन खातो. कोंबडीला हार्मोनची इंजेक्शनं देतात का?

नाही. हजारो पक्ष्यांना एकेक इंजेक्शन देणं कोणालाच परवडत नाही. ब्रॉयलर ३५-४० दिवसांत दोन किलोचा होतो तो पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीमुळे आणि खाद्यामुळे.

गावरान म्हणजे आपोआप औषधमुक्त असंही नाही. परसातल्या कोंबडीलाही मेडिकलवरची गोळी चुरून दिलेली मी पाहिली आहे. विक्रेत्याला विचारा, पक्षी कुठून येतो, औषधाची नोंद आहे का. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की तो पुढे विचारतो.

घरी चिकन पूर्ण शिजवा. निर्ढावलेला जंतूही उष्णतेने इतरांसारखाच मरतो. औषधाचे अंश मात्र शिजवून पूर्ण जातीलच असं नाही, ते शेडमध्येच थांबायला हवेत. कच्चं चिकन नळाखाली धुताना शिंतोडे ओट्यावर, कोथिंबिरीवर उडतात. त्याच सुरीने काकडी कापली जाते. सुरी आणि पाट वेगळा ठेवा, हात साबणाने धुवा.

हे सगळं एकदम जमणार नाही. सुरुवात कुठून करू?

दोनशे पानी वहीपासून. एका पानावर एक दिवस: मर किती, पाणी किती लिटर, खाद्य किती गोणी, पहाटेचं आणि दुपारचं तापमान, पडदे किती उघडे. औषध दिलं तर नाव, कारण, पक्ष्यांचं वजन, किती दिलं, कोणत्या तारखेला बंद केलं. वही शेडच्या दारात दोरीने बांधा, घरी नेऊ नका, आणि जो माणूस सकाळी आधी आत जातो त्यालाच लिहू द्या. पुढच्या वेळी मला फोन कराल तेव्हा मी औषधाचं नाव सांगायच्या आधी विचारीन, “कालचं पाणी किती संपलं?” तेव्हा वही समोर असू द्या.